मोटारींत मद्यार्क घालण्यापूर्वीं

उंसाच्या बेण्याचे व खतांचे लेख ज्या पानांवर येतात तेथें मोटारगाडीच्या इंजिनाची चर्चा पाहून कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यास हल्लीं सर्वत्र इथेनॉल म्हणतात तो मद्यार्क आपल्या उंसाच्या रसांतून व मळींतून निघतो. आणि २०२५ सालापासून पंपावरील पेट्रोलच्या पांच भागांत सुमारें एक भाग मद्यार्काचाच असतो. ज्याच्या दारांत मोटारसायकल उभी आहे असा प्रत्येक शेतकरी थोडाबहुत मद्यार्क रोज जाळीत आहे, मग तें त्यास ठाऊक असो वा नसो. 'ऊंस आमचा, तर इंधनही सगळें आमचेंच कां घालूं नये? शिवाय त्यानें गाडीची शक्ति वाढते म्हणतात,' असा प्रश्न अलीकडे तरुण मुलें विचारूं लागलीं आहेत. प्रश्न वेडगळ नाहीं. त्याचें उत्तर मात्र 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्यावर भागत नाहीं, म्हणून हा प्रपंच.

आमच्याच घरांत हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत उभा राहिला. आमच्या थोरल्या बंधूंची शेती खेड तालुक्यांत, भीमेच्या कांठीं. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें कामास जातो व आमच्याकडे भोसरीस राहतो. बंधूंनीं उंसाच्या दोन वर्षांच्या पैशांतून त्यास एक जुनी मोटार घेऊन दिली. गाडी फोक्सवॅगन पोलो, १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाची, १०५ अश्वशक्तीची. चाकणच्याच कारखान्यांत ती तयार होत असे. २०२२ सालीं तेथील तिचें उत्पादन थांबलें. आकारानें लहान व पळण्यास चपळ म्हणून तरुणांस ती फार प्रिय. परंतु आमच्या पुतण्याची गाडी कांहीं शर्यतीची नव्हे. भोसरीहून निघावें, मोशी व कुरुळी ओलांडून चाकणला पोंचावें, पाळी सुटली कीं परत फिरावें. जाऊन येऊन ४० किलोमीटर धरावे, आणि त्यांतला बराच वेळ मालमोटारींच्या मागें रांगेंत जातो.

त्याच्या सोबत्यांपैकीं कोणीं सांगितलें कीं, पुण्यांत मद्यार्काचे पंप झाले आहेत व तें इंधन घातलें कीं गाडी पंचवीस अश्वशक्तीनें वाढते. पंपाची गोष्ट खरी. ५ जून २०२१ रोजीं पुण्यांतील तीन पंपांवर ई-१०० नांवाचें इंधन प्रयोगादाखल विकण्यास आरंभ झाला, व १५ मार्च २०२४ रोजीं महाराष्ट्र धरून पांच राज्यांतील १८३ पंपांवर तें ठेवण्यांत आलें. नांवांत शंभर असले तरी त्यांत मद्यार्क शेंकडा सुमारें ९३ भाग असून, सुमारें ५ भाग पेट्रोल व उरलेलें मिश्रण टिकविणारें द्रव्य असतें. मुलानें टांकी निम्मी होऊं दिली, उरलेली ई-१०० नें भरली, एका मिस्त्रीकडून इंजिनाच्या संगणकावर कांहींएक 'मॅप' चढवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्या पाळीस निघाला. साडेसहाच्या सुमारास आमचा फोन वाजला.

"नाना, गाडी मोशीच्या पुढें धक्के देते आहे. पिवळा दिवा लागला आहे. ओढून न्यावी लागेल असें दिसतें. बाबांना एवढ्यांत सांगूं नका."

आम्हीं सांगितलें नाहीं. परंतु बंधूंचा दोन वर्षांचा ऊंस आमच्या डोळ्यांपुढून हालेना. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेलें. यंत्रशास्त्र आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं. तथापि एक आंकडा दुसऱ्याशीं ताडून पाहावयाचा, आणि जुळेपर्यंत सही करावयाची नाहीं, ही संवय त्या खात्यानें लाविली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाहीं. वही घेऊन आम्ही भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील चार-दोन जाणत्या मिस्त्रींकडे बसलों, व पुतण्याच्या कारखान्यांतील शिकलेल्या मंडळींकडून समजून घेतलें. जें समजलें तें येथें सांगतों.

प्रथम हें पाहूं कीं मद्यार्कानें शक्ति वाढते ती कशी. लोकांचा समज असा कीं, हें इंधन पेट्रोलपेक्षां जोरदार आहे. वस्तुस्थिति उलट आहे. एक लिटर पेट्रोलमध्यें सुमारें ३२ मेगाज्यूल उष्णता असते. एक लिटर मद्यार्कांत सुमारें २१, म्हणजे दोन तृतीयांश. मग अशक्त इंधनानें गाडी सशक्त कशी व्हावी? याची मेख हवेंत आहे. इंजिनाच्या नळकांड्यांत किती हवा शिरते यावर त्याची शक्ति ठरते. इंधन त्या हवेच्या हिशेबानें सोडावयाचें असतें. एक किलो हवा पुरती जाळण्यास पेट्रोल सुमारें ६८ ग्रॅम लागतें. मद्यार्काच्या घटनेंत प्राणवायु मूळचाच असल्यामुळें तेवढ्याच हवेस तो सुमारें १११ ग्रॅम लागतो. आतां वहींत गुणाकार मांडला तर दोन्हीकडे उष्णता सुमारें तीन मेगाज्यूल येते. मद्यार्काकडे किंचित् अधिक. म्हणजे गरीब इंधन दीडपट पिऊन श्रीमंताच्या बरोबरीस येतें, इतकेंच. एवढ्यानें शक्ति वाढली असें होत नाहीं.

खरा लाभ दुसरीकडे आहे. माठाच्या अंगांतून पाणी झिरपून वाळतें व माठांतलें पाणी थंड होतें, हें आपण रोज पाहतों. द्रवाची वाफ होतांना तो भोंवतालची उष्णता ओढून घेतो. दवाखान्यांत सुई टोंचण्यापूर्वीं दंडाला लावलेलें स्पिरिट गार लागतें तें याच कारणानें. मद्यार्काच्या अंगीं हा गुण पेट्रोलहून फार मोठा. शिवाय तो दीडपट प्रमाणांत घालावा लागतो. त्यामुळें तितक्याच हवेंतून तो सुमारें चौपट उष्णता ओढून घेतो. नळकांड्यांतलें मिश्रण थंड झालें म्हणजे दाबावयास सोपें, व पेट घेण्यास उतावीळ नाहीं.

उतावीळपणा हाच पेट्रोल इंजिनाचा शत्रु. दट्ट्या, ज्यास मिस्त्री पिस्टन म्हणतात, तो मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, व ज्वाळा एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे पसरत जाते. परंतु दाब व उष्णता फार झाली तर ज्वाळा पोंचण्याच्या आधींच कोपऱ्यांतलें मिश्रण आपोआप पेट घेतें. धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो; मिस्त्री त्यास नॉकिंग म्हणतात, आपण ठोका म्हणूं. ठोका फार वेळ चालला तर दट्ट्या फुटतो. ठोक्यास दाद न देण्याचा गुण ऑक्टेन नांवाच्या आंकड्यानें मोजतात. पूर्वींच्या साध्या पेट्रोलचा तो ९१ असे. शेंकडा २० मद्यार्काच्या पेट्रोलचा ९५ ठरविलेला आहे. शुद्ध मद्यार्काचा १०८ च्या आसपास भरतो. टर्बो इंजिन म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा कोंबणारें इंजिन. अधिक हवा कोंबली तर अधिक शक्ति; पण पेट्रोलवर ठोक्याच्या भीतीनें हात आखडता घ्यावा लागतो. मद्यार्क घातल्यास ती भीति दूर सरते. टर्बोचा दाब वाढवितां येतो, ठिणगी थोडी आधीं टाकतां येते, आणि तेथून अश्वशक्ति मिळते. म्हणजे मद्यार्क स्वतः शक्ति देत नाहीं, तो शक्ति घेण्याची परवानगी देतो. ती घेण्यासाठीं इंजिनांत फेरफार करावेच लागतात. नुसतें इंधन ओतून दाब व ठिणगी जुनीच ठेवली तर पुष्कळसा फायदा वायां जातो, आणि पंपावरच्या फेऱ्या तेवढ्या वाढतात.

याचा पुरावा ब्राझील देशांत आहे. तेथील सरकारनें १९७५ सालीं उंसाच्या मद्यार्काची मोठी योजना हातीं घेतली. १९७९ सालीं फियाट कंपनीची निव्वळ मद्यार्कावर चालणारी मोटार बाजारांत आली. आणि २००३ सालीं फोक्सवॅगन कंपनीनें पेट्रोल व मद्यार्क कोणत्याही प्रमाणांत चालवून घेणारी 'गोल' नांवाची गाडी काढली. पुढें २०१७ सालीं त्याच देशांत पोलो गाडी एक लिटरच्या टर्बो इंजिनासह निघाली; तें इंजिन पेट्रोलवर सुमारें ११५ अश्वशक्ति देई व मद्यार्कावर १२८. हा आंकडा कारखान्याचा आहे, मिस्त्रीच्या तोंडचा नाहीं. चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टस गाडीचें एक लिटरचें इंजिन त्याच कुळांतलें, आणि आपल्याकडे तें ११५ अश्वशक्तीचेंच आहे. कारखान्यानें टांकीपासून संगणकापर्यंत सर्व रचना मद्यार्कासाठीं केली तेव्हां तेरा अश्वशक्तींची वाढ झाली. मग जुन्या गाडींत एका सकाळीं पंचवीस मिळण्याची गोष्ट वाचकांनींच ताडून पाहावी.

आपल्याकडेही ही कल्पना नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली तेव्हां मोटारींच्या मागें कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांचा गॅस इंजिनास देत; आणि १९४८ सालीं पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्यासाठीं 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' नांवाचा कायदाच झाला होता. तो बावन्न वर्षें कागदावर राहून २००० सालीं रद्द झाला. पुढें तीनच वर्षांनीं, २००३ सालीं, मिश्रणाची योजना पुन्हां सुरू झाली. कागदावरील पिकाची पाहणी कशी होते हें ज्यानें पाहिलें आहे त्यास याचें नवल वाटूं नये.

आतां आमच्या पुतण्याची गाडी कां बंद पडली तें सांगतों. निम्म्या टांकींत शेंकडा २० चें पेट्रोल, निम्म्यांत शेंकडा ९३ चें. एकूण मिश्रण शेंकडा ५६ च्या आसपास गेलें. एवढ्या मिश्रणाचें इंधन निव्वळ पेट्रोलपेक्षां सुमारें चतुर्थांशानें अधिक लागतें. धुराच्या नळींतील सेन्सर प्राणवायु मोजून संगणकास 'इंधन कमी पडतें, वाढवा' असें सांगत असतो, व संगणक कांहीं मर्यादेपर्यंत ऐकतो. ती मर्यादा संपली कीं तो पिवळा दिवा लावतो. शिवाय या जातीच्या इंजिनांत इंधन थेट नळकांड्यांत फवारलें जातें. त्यासाठीं फार मोठ्या दाबाचा पंप असतो, व त्या पंपाची धांव ठरलेली. गाडी जोरांत नेतांना पंप पुरा पडला नाहीं, मिश्रण पातळ झालें, धक्के बसूं लागले. मुलानें पाय उचलला म्हणून इंजिन वांचलें. टर्बोच्या पूर्ण दाबाखालीं पातळ मिश्रण चालवीत राहिला असता तर दट्ट्याचा माथा वितळण्याची वेळ आली असती.

मग रीतसर बदल करावयाचा तर काय काय लागतें? पहिली गोष्ट इंधनाच्या वाटेंतील सामान. जुन्या गाड्यांचें साधें रबर मद्यार्कानें फुगतें व चिरतें. जस्त, ॲल्युमिनियम यांस, विशेषतः मद्यार्कांत पाणी शिरलें तर, गंज धरतो. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्या शेंकडा २० च्या मिश्रणास टिकेल अशा सामानाच्या निघूं लागल्या. पुतण्याची गाडी त्या आधींची. नळ्या, वॉशर व टांकींतील पंप मद्यार्कास टिकणारे घालावे लागतात. दुसरी एक गंमत अशी कीं, मद्यार्क टांकींत वर्षानुवर्षें सांचलेला मळ सोडवितो व तो सर्व गाळणींत नेऊन बसवितो. म्हणून पहिल्या दोन-तीन टांक्यांनंतर गाळणी बदलावीच.

त्यानंतर इंधनाचें प्रमाण. निर्भेळ मद्यार्क मापानें पेट्रोलच्या सुमारें दीडपट लागतो. तितकें फवारणारे इंजेक्टर व तितकें उचलणारा पंप हवा. ज्या साध्या गाड्यांत इंधन नळकांड्याच्या बाहेर, हवेच्या वाटेंत फवारलें जातें, त्यांत हें काम सोपें व स्वस्त. थेट फवारणीच्या गाडींत मोठ्या दाबाचा पंप व इंजेक्टर दोन्ही बदलणें म्हणजे खर्चाचा डोंगर. म्हणून जाणते मिस्त्री अशा गाडींत शेंकडा ३० ते ४० च्या मिश्रणापलीकडे जात नाहींत. तेवढें जुनाच पंप बहुधा निभावतो, आणि ठोक्याची भीति तेवढ्यानेंही बरीच कमी होते.

तिसरी गोष्ट म्हणजे टांकींत किती मद्यार्क आहे हें संगणकास कळलें पाहिजे. आज ई-१०० भरलें, उद्यां साधें भरलें. प्रमाण रोज बदलणार. मद्यार्क व पेट्रोल यांचे विजेचे गुणधर्म फार भिन्न आहेत; त्या भेदावरून प्रमाण ओळखणारा सेन्सर इंधनाच्या नळींत बसवितात, आणि त्याच्या निरोपाप्रमाणें इंधन, ठिणगी व टर्बोचा दाब बदलावा अशी संगणकाची मांडणी करितात. आमच्या पुतण्यास चढवून दिलेला मॅप आंधळा होता, त्यास हा डोळाच नव्हता. ही मांडणी गाडी रुळांवर फिरवून, धुरांतील प्राणवायु व ठोका मोजीत मोजीत, पायरीपायरीनें करावयाची असते. जो मिस्त्री तासाभरांत पैसे घेऊन गाडी परत देतो त्यानें मोजलें काय, हें विचारून घ्यावें.

थंडींत गाडी सुरू होण्याचा प्रश्न निराळाच. मद्यार्काची वाफ सुमारें १३ अंशांखालीं पेट घेण्याइतकी होत नाहीं; पेट्रोलची उणे चाळीस अंशांसही होते. पौष-माघांत पहांटे भोसरींत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, व पहिल्या पाळीचा माणूस नेमका त्याच वेळीं किल्ली फिरवितो. ब्राझीलमध्यें याचसाठीं पुष्कळ दिवस गाड्यांत पेट्रोलची एक लहान टांकी निराळी ठेवीत. पुढें इंजेक्टरपाशीं इंधन तापविण्याची युक्ति निघाली. गार इंजिनांत न जळलेला मद्यार्क कडेनें ओघळून तेलांत उतरतो. ज्याची धांव थोडी त्याच्या गाडींत तो तेथेंच राहतो व तेल बिघडवितो. म्हणून तेल नेहमींच्या निम्म्या मुदतींत बदलावें, आणि प्लग एक पायरी थंड जातीचे घालावे.

एवढें सर्व केलें तरी वाढलेली शक्ति रस्त्यापर्यंत पोंचविणारी गिअरपेटी जुनीच राहते, आणि शक्तीच्या वेडांत तिची आठवण कोणास होत नाहीं. आमच्या पुतण्याच्या गाडींत दोन कोरड्या क्लचांची सात गतींची आपोआप चालणारी पेटी आहे. तिच्यावरील जोराची मर्यादा २५० न्यूटन-मीटर सांगितली जाते. मूळ इंजिनाचा जोर १७५. मध्यें जी जागा उरते तेवढीच काय ती चैन. आणि आज चाकणला तयार होणाऱ्या दीड लिटर इंजिनाच्या व्हर्टसमध्यें तसलीच पेटी असून इंजिनाचा जोर मूळचाच २५० आहे. तेथें तर जागाच नाहीं. रोज रांगेंत चालणाऱ्या गाडीचा क्लच आधींच तापलेला असतो.

आतां हिशेब, कारण आमच्या वाचकांस तोच अधिक जवळचा. पुतण्याची गाडी वर्षास सुमारें १२,००० किलोमीटर धांवते. पेट्रोलवर लिटरास १५ किलोमीटर धरले तर ८०० लिटर. मद्यार्कावर साडेदहा धरले तर सुमारें ११४० लिटर. एक टन उंसाच्या रसापासून थेट सुमारें ७० लिटर मद्यार्क निघतो. म्हणजे १६ टनांवर ऊंस झाला. एकरीं ३५ टन उतारा धरिला तर सातबाऱ्यावरील साडेअठरा गुंठे एका माणसाच्या कामावर जाण्यायेण्यापायीं गुंतले, आणि त्या साडेअठरा गुंठ्यांचें पाणी निराळेंच. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून मद्यार्क घेतला तर टनास ११ लिटरही पडत नाहीं; मग तीन एकर ऊंस लागतो, परंतु त्यांत साखरही हातीं येते.

पैशाच्या बाजूनें ब्राझीलच्या लोकांचा एक ठोकताळा आहे: मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या शेंकडा ७० च्या आंत असेल तरच तो भरावा, कारण लिटरमागें गाडी तेवढीच धांवते. पेट्रोल शंभर रुपये असतां मद्यार्क सत्तरच्या आंत मिळाला पाहिजे. आपल्याकडे २०२४-२५ च्या हंगामांत रसापासून काढलेल्या मद्यार्कास तेलकंपन्यांनीं कारखान्यांना लिटरास ६५ रुपये ६१ पैसे दिले, व शेवटच्या मळीच्या मद्यार्कास ५७ रुपये ९७ पैसे. त्यावर कर, वाहतूक व पंपवाल्याचें कमिशन चढलें म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातीं बचत किती उरते हें ज्याचें त्यानें पाहावें. काटकसरीसाठीं म्हणून हा फेरफार करूं पाहणारास आम्ही तरी हो म्हणणार नाहीं. शक्तीच्या हौसेसाठीं करणारानें हौसेचा खर्च म्हणूनच तो मांडावा.

कित्येकांस वाटतें कीं, पंपाची गरज काय, डिस्टिलरींतून एक कॅन भरून आणला म्हणजे झालें. हें स्वप्नांतही मनांत आणूं नये. डिस्टिलरींतल्या साध्या स्पिरिटमध्यें शेंकडा पांचाच्या आसपास पाणी असतें. इंधनाच्या मद्यार्कांतून तें वेगळ्या क्रियेनें काढून टाकून शुद्धता साडेनव्व्याण्णवच्या आसपास नेतात. पाणी असलेलें स्पिरिट पेट्रोलांत ओतलें कीं मिश्रण फाटण्याचा धोका. आणि मद्यार्काचा प्रत्येक थेंब राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या व १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या नजरेखालीं असतो.

कायद्याचा विषय निघाला तर तेंही येथेंच सांगून टाकतों, कारण येथें आमच्या जुन्या पेशाचा थोडा उपयोग झाला. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीच्या दाखल्यांतील व कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसेंच ठरविलें. त्याच कलमांत निराळ्या इंधनासाठीं संच बसविण्याची सोय आहे, परंतु ती ठरविलेल्या अटींनीं, व दाखल्यावर नोंद करून. सी.एन.जी.चे संच असेच मंजूर होऊन बसतात. गाड्यांची व त्यांच्या सामानाची अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकीं दोन तर आपल्या दारांतच आहेत: १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, आणि १९६७ पासूनची भोसरीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट. मिस्त्रीनें चढविलेला मॅप म्हणजे असा मंजूर संच नव्हे. परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद १८२-अ कलमांत आहे. याखेरीज, न कळविलेला फेरफार निघाला तर विमा कंपनीस भरपाई नाकारण्यास आयतेंच निमित्त मिळतें. महामार्गावर रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्या मुलाच्या बाबतींत आम्हांस दंडापेक्षां याचीच धास्ती अधिक वाटली.

ज्यास मद्यार्कावरच चालवावयाचें आहे त्यानें कारखान्यानेंच तशी बनविलेली गाडी पाहावी, असें आम्हीं पुतण्यास सांगितलें. २०१९ सालीं टी.व्ही.एस. कंपनीनें मद्यार्कावरील अपाचे मोटारसायकल काढली. २०२४ सालीं होंडानें दोन्ही इंधनें चालणारी सी.बी. ३००-एफ, मोटारींत टोयोटानें इनोव्हा हायक्रॉसचा नमुना ऑगस्ट २०२३ मध्यें दाखविला. पुतण्याचें म्हणणें, "नाना, यांत माझी गाडी कुठें आहे?" तें खरेंच होतें. शेवटीं त्याची टांकी रिकामी करून साधें पेट्रोल भरलें, गाळणी व तेल बदललें, जुना मॅप परत बसविला. दिवा विझला. रीतसर फेरफाराचा एका मिस्त्रीनें जो खर्च सांगितला तो गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका होता. तो आंकडा आमच्या वहींत आहे. निर्णय अद्याप झालेला नाहीं.

साध्या वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट उरली. पंपावरचें पेट्रोल आतां शेंकडा २० मद्यार्काचें असल्यामुळें पावसाळ्यांत टांकीचें झांकण घट्ट ठेवावें, व गाडी महिनोन् महिने अर्ध्या टांकीवर उभी ठेवूं नये. मद्यार्क पाण्यास ओढतो. थोडें पाणी तो पोटांत जिरवितो. अधिक झालें कीं मद्यार्क व पाणी मिळून पेट्रोलपासून फाटतात व तळाशीं बसतात, आणि इंजिनास इंधन जातें तें तळाचेंच. आपल्या पेट्रोलांत मद्यार्क किती हें घरच्या घरीं पाहतां येतें. शंभर मिलिलिटरच्या खुणा असलेली कांचेची नळी घ्यावी. उघड्यावर, विस्तवापासून दूर, तींत ५० खुणेपर्यंत पाणी व वर १०० पर्यंत पेट्रोल घालावें. बूच लावून मिनिटभर हलवावें, व दहा मिनिटें स्थिर ठेवावें. मद्यार्क पेट्रोल सोडून पाण्यांत उतरतो, आणि खालच्या थराची रेषा वर चढते. ती ५० वरून ६० वर गेली तर पन्नासांत दहा, म्हणजे शेंकडा २०. एखाद-दुसऱ्या अंशाची चूक धरून चालावें.

पुतण्याच्या टांकींतून काढलेलें इंधन आम्हीं असेंच तपासलें, तेव्हां रेषा ७७ वर थांबली होती. पुढें बंधु भोसरीस आले असतां मुलानें आपण होऊन त्यांस सर्व हकीकत सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग अंगणांत जाऊन आपल्या मोटारसायकलचें थोडें पेट्रोल घेऊन आले व नळी भरावयास सांगितली. रेषा ६० वर आली. "वर्षाचा किती ऊंस म्हणायचा हा?" त्यांनीं विचारलें. त्यांची गाडी वर्षास सहा हजार किलोमीटर जाते, लिटरास पन्नास देते. मद्यार्क २४ लिटर झाला, रसाच्या हिशेबानें सुमारें ३४० किलो ऊंस. आम्हीं तो आंकडा वहींत पुतण्याच्या आंकड्याखालीं लिहून ठेविला.